सिनेमा बघून परदेशात जायचंय? आधी हे ऐका



आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांच्या इन्स्टाच्या सेव्ह फोल्डरमध्ये पडून आहे. एखादा सिनेमा बघतो, त्यातली जागा डोक्यात घर करते आणि रात्री एक वाजता आपण फ्लाइटचे रेट बघत बसतो. मग मित्र चिडवतात, "काय रे, शाहरुख उभा होता तिथेच उभं राहून फोटो काढायला लाख रुपये घालवणार?" मला विचाराल तर यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. पडद्यावर दिसलेलं तिथे खरंच आहे का? आणि आपल्या जाण्याने त्या जागेचं काय होतं?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. २००० साली 'द बीच' आला. डॅनी बॉयलचा सिनेमा, हिरो लिओनार्डो डिकॅप्रिओ. थायलंडमधला माया बे त्यात चारी बाजूंनी कड्यांनी बंद असलेला, जगापासून लपलेला किनारा दिसतो. प्रत्यक्षात हा किनारा एका बाजूने समुद्राला उघडा आहे. ती बाजू कॉम्प्युटरवर डोंगर टाकून बंद केलीय. म्हणजे ज्या 'लपलेल्या' जागेसाठी लोक गेले, तिचं लपलेपण सॉफ्टवेअरचं होतं. आमच्याच धंद्याची करामत!

न्यूझीलंडचंही तसंच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधलं हॉबिटन हे माटामाटा गावाजवळचं एका कुटुंबाचं मेंढ्यांचं शेत. १९९९ मध्ये तिथे सेट उभा राहिला. शूटिंग संपल्यावर तो बराचसा काढूनही टाकला होता, पण लोक यायलाच लागले. २००२ पासून तिथे टूर सुरू झाल्या आणि पुढे 'द हॉबिट'च्या वेळी सेट पक्का बांधला. गोल दारं खरी आहेत, टेकडी खरी आहे. पण घरांच्या आतले सीन वेलिंग्टनच्या स्टुडिओत झाले. अनेक वर्षं दार उघडलं की आत घर नव्हतंच, आतून बघता येईल असं घर २०२३ च्या शेवटी सुरू झालं. हे माहीत असेल तर मजा कमी होत नाही. उलट तिथे गेल्यावर "एवढंच?" असं होत नाही.

आणि 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' बघून टोमॅटोची होळी खेळायला निघाला असाल, तर तारीख बघा. ला टोमॅटिना हा सण स्पेनमधल्या बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी असतो आणि टोमॅटोफेक साधारण तासभरच चालते. २०१३ पासून त्याला तिकीट आहे. सिनेमात गाणं कधीही सुरू होतं, सण तसा होत नाही.

आता दुसरा प्रश्न. माया बेवर पुढे दिवसाला पाच-पाच हजार माणसं यायला लागली. बोटींच्या नांगरांनी आणि माणसांच्या वावराने प्रवाळाची वाट लागली. जून २०१८ मध्ये थायलंड सरकारने किनाराच बंद केला. तो उघडला थेट जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात प्रवाळ पुन्हा लावलं आणि काळ्या पंखांचे छोटे शार्क परत आले. आता बोटी मागच्या बाजूने लागतात, माणसांची संख्या ठरलेली असते आणि पोहायला परवानगी नाही. लोक कुरकुरतात, "एवढ्या लांब आलो आणि पोहायचं पण नाही?" नाही पोहायचं. तो किनारा वाचलाय तो अशा नियमांमुळेच.

स्वित्झर्लंडमधलं इझेल्टवाल्ड घ्या. तलावाकाठी जेमतेम चारशे वस्तीचं गाव. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' या कोरियन सिरीजमध्ये तिथल्या लाकडी धक्क्यावर हिरो पियानो वाजवतो. सिरीज गाजली आणि तोच एक फोटो काढायला बसच्या बस यायला लागल्या. शेवटी २०२३ मध्ये गावाने धक्क्यावर फिरतं गेट लावलं. पाच फ्रँक टाका, मग आत जा. आपल्याकडे एखाद्या वाडीत रोज पन्नास गाड्या घुसल्या, तर तिथले लोक काय म्हणतील? तेच हे.

आता माझ्या घरचा विषय. गेले सहा महिने आमच्याकडे स्वित्झर्लंडवरून चर्चा चालू आहे. कारण अर्थातच 'दिलवाले दुल्हनिया'. ऑक्टोबर १९९५ चा सिनेमा. आई-बाबांनी लग्नानंतर जोडीने बघितलेला पहिलाच. त्या पिढीच्या डोक्यात स्वित्झर्लंड कुठून आलं याला कारणही आहे. नव्वदच्या आसपास काश्मीरमध्ये शूटिंग करणं अवघड झालं आणि हिंदी सिनेमाने बर्फासाठी आल्प्स गाठला. यश चोप्रांनी तर तो इतका दाखवला, की इंटरलाकेनमध्ये २०१६ पासून त्यांचा पुतळा उभा आहे.

मी बजेट काढलं, दोन-तीन ग्रुप टूर बघितल्या. सगळीकडे साधारण तेच : बसने टिटलिस, युंगफ्राउ, ल्युसर्न, रात्री वरण-भात. टिटलिसवर राज-सिमरनचा कटआउट आहे, फोटो होतो. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला बर्फ नको रे. ती गाडी सुटते ते स्टेशन आणि तो पूल दाखव फक्त."

माझा एक मित्र म्हणाला, "अरे, आयुष्यात एकदा जाणार आणि युंगफ्राउ सोडणार?" मुद्दा चुकीचा नाही. पैसे माझ्या तीन वर्षांच्या बचतीतले आहेत, बाबांचा गुडघा दुखतो, पुन्हा जाणं होईल याची खात्री नाही. पण ही इच्छा आईने तीस वर्षं जपलीय, ब्रोशरमध्ये बघून ठरवलेली नाही. म्हणून मी नकाशा उघडला.

आणि गंमत बघा. सिमरनची गाडी सुटते ते झ्वाइसिमेन स्टेशन, सानेनचा पूल, माँबोव्हाँचं चर्च, तिन्ही एकाच रेल्वेमार्गावर! माँत्रो ते झ्वाइसिमेन हा मीटरगेज मार्ग आहे आणि तिथून पुढे इंटरलाकेनकडे रुंद रूळ. म्हणून पूर्वी झ्वाइसिमेनला गाडी बदलावीच लागायची. डिसेंबर २०२२ पासून थेट गाडी आहे, तिची चाकं स्टेशनातच एका गेजवरून दुसऱ्यावर जुळवून घेतात. आता तिथे मुद्दाम उतरलात तरच ते गाव दिसतं.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. हे ऐकल्यावर "टाइमटेबल आण बघू" म्हणाले आणि चष्मा लावून बसले. ठरलं. ग्रुप टूर नाही. इंटरलाकेनला एकच मुक्काम, त्यातला एक पूर्ण दिवस त्या लाइनवर. युंगफ्राउचं स्टेशन साडेतीन हजार मीटरच्या जवळपास आहे, बाबांना झेपलं तर करू, नाहीतर नाही. सानेनमध्ये फोटो काढून पळायचं नाही, तिथेच जेवायचं. गावाला आपल्या येण्याचा थोडा फायदा व्हायला हवा ना!

तुमच्यासाठी कामाचं सांगतो. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेन व्हिसा चालतो. मोठ्यांची फी ९० युरो, शिवाय सेंटरचा चार्ज वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात सगळा महाराष्ट्र निघतो, तेव्हा आधीच नंबर लावा.

आणि खिशात आत्ता पैसे नसतील तर? 'दिलवाले'चा शेवट आठवा, पंजाबातलं स्टेशन, धावती गाडी, पुढे आलेला हात. ते पंजाब नाही मंडळी, ते आपल्या रायगड जिल्ह्यातलं आपटा स्टेशन आहे! पनवेलच्या थोडं पुढे, दिवा-रोहा लाइनवर. व्हिसा लागत नाही. आई-बाबांना घेऊन पुढच्या रविवारी जाऊन या.

तुमच्या घरात कुणाच्या मनात अशी एखादी सिनेमातली जागा आहे का? आज जेवताना विचारा. आणि उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. भेटू, काळजी घ्या!