घर घेण्याआधी वस्ती पाहा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या कुंडल-पलूस भागातली मुले शिकून पुण्यात नोकरीला लागली, की चार-पाच वर्षांत घरात एकच विषय सुरू होतो. तिकडे फ्लॅट घ्यायचा. शहरातले दर परवडत नाहीत, म्हणून नजर उपनगरांकडे वळते. कात्रज, आंबेगाव, धायरी, नऱ्हे ही नावे आता आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. उसाच्या बिलातून बाजूला टाकलेले पैसे, वडिलांचा फंड, आईचे दागिने आणि वर वीस वर्षांचे कर्ज, असे सगळे एकाच व्यवहारात जाते. फ्लॅट आपण बारकाईने पाहतो. फरशी, ओटा, गॅलरी, सगळे तपासतो. ज्या वस्तीत आयुष्य काढायचे, ती मात्र रविवारी दुपारी तासाभरात पाहून परत येतो.

चांगली वस्ती कशामुळे होते, याचे उदाहरण आपल्या शिवेवरच आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. जमीन ओसाड होती, पण रेल्वे दाराशी होती. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. वस्तीची आखणी आणि कारभार लक्ष्मणरावांचे बंधू रामुअण्णा यांनी अंगावर घेतला. वस्तीत काही अडले, तर कोणाकडे जायचे हे माणसांना ठाऊक होते. पुढे स्टेशनालाही वाडीचेच नाव मिळाले.

उपनगरात घर पाहताना हाच प्रश्न आधी विचारावा. इथल्या पाण्याची, रस्त्याची, सांडपाण्याची जबाबदारी कोणाची?

पुण्याभोवती याचे उत्तर सरळ मिळत नाही. धायरी आणि आंबेगाव २०१७ मध्ये महापालिकेत आले. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी २०२१ मध्ये. गाव हद्दीत आले, म्हणून नळाला लगेच शुद्ध पाणी येते असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्यावर संशय आला. खडकवासल्याचे धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे! धरण जवळ असणे वेगळे आणि शुद्ध केलेले पाणी घरात येणे वेगळे.

म्हणून पाण्याची चौकशी एप्रिल-मे महिन्यात करावी. टँकर येतात का, महिन्याला किती येतात, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत की वेगळे, हे तिथे राहणाऱ्यांना विचारावे. विक्री कार्यालयातला माणूस सांगेल ते ऐकून घ्यावे. पण कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आणि रात्रपाळीचा वॉचमन जास्त खरे सांगतात. एकदा भर पावसात जावे. एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता नोकरीच्या ठिकाणाहून त्या घरापर्यंत प्रवास करून पाहावा. जाहिरातीतली 'वीस मिनिटे' खरी किती, ते तेव्हा कळते.

आपल्या गावची चार माणसे जिथे राहतात तिथेच घर घ्यावे, असे अनेकांना वाटते. त्यात गैर नाही. अडीअडचणीला हाकेला ओ देणारे माणूस लागतेच. पण गाववाल्याचा शब्द घर शोधण्यापुरता घ्यावा, कागद स्वतः तपासावेत. महाराष्ट्रात मे २०१७ पासून 'महारेरा'चे काम सुरू आहे. तिच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या मंजुऱ्या, ताब्याची तारीख आणि न्यायालयातले वाद पाहता येतात. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. इमारत जुनी असेल, तर सोसायटी नोंदवली आहे का आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे विचारावे. ते झाले नसेल, तर इमारतीखालची जमीन कागदावर अजून दुसऱ्याचीच असते.

शेवटचा मुद्दा आई-वडिलांचा. मुलाने घर घेतले, की आज ना उद्या ते तिकडे राहायला जातात. गावात ज्यांना पारावर बसून दिवस काढायची सवय, त्यांना सातव्या मजल्यावर दार लावून बसावे लागते. वीज गेल्यावर लिफ्ट चालते का? खाली सावलीत बसायला जागा आहे का? दवाखाना पायी जाण्याजोगा आहे का? घर ठरवण्यापूर्वी म्हाताऱ्यांना एकदा तिथे घेऊन जावे, अर्धा दिवस बसू द्यावे आणि मग त्यांचे मत विचारावे. पैसे त्यांचेही लागलेले असतात.