विवाह, सूटपत्र आणि पश्चात्ताप



विवाह, घटस्फोट आणि पश्चात्ताप यांविषयी बायबलात काय सांगितले आहे ते मी आपल्यापुढे मांडावे, अशी आपल्या मंडळाची सूचना आहे. आपल्यापैकी सगळ्याच काही ख्रिस्ती नाहीत. पण ‘गाठ देवाने बांधलेली, तेव्हा मुकाट्याने सोस’ हा उपदेश कोणत्या समाजातल्या मुलीला ऐकावा लागत नाही? ख्रिस्ती घरांत त्याला बायबलचा आधार देतात. तो आधार कितपत खरा, एवढेच आज पाहू.

बायबलात विवाहाची थोरवी मोठी आहे, यात शंका नाही. अगदी आरंभी, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, पुरुषाने आईबापांना सोडून पत्नीशी एकजीव व्हावे असे म्हटले आहे. तेथे आईबापांना सोडून जाण्याची गोष्ट पुरुषाविषयी आहे, हे आपल्यातील सासुरवाशिणींच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही!

पुढे मोशेच्या नियमशास्त्रात सूटपत्राचा उल्लेख येतो. त्या समाजात बायको सोडण्याचा अधिकार नवऱ्याच्या हाती होता. तिच्या हातात निदान लेखी कागद पडला, म्हणजे ती दुसऱ्या विवाहास मोकळी आहे हे चारचौघांत सिद्ध होई. पण ही सवलत कोणत्या कारणासाठी, यावर पंडितांत वाद माजला. शम्मईचा पंथ म्हणे, स्त्रीकडून काही लज्जास्पद घडले तरच. हिल्लेलचा पंथ म्हणे, तिने स्वयंपाक बिघडविला तरी पुरे. म्हणजे भाजी करपली की संसार संपला!

हाच प्रश्न परूश्यांनी येशूला विचारला. त्याने सांगितले की, मोशेने ही मोकळीक दिली ती तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे. प्रारंभापासून असे नव्हते. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील हा संवाद आपण सावकाश वाचावा. येशू कोणाशी बोलत आहे? बायकोला सहज टाकून देऊ पाहणाऱ्या पुरुषांशी. त्याचे उत्तर ऐकून शिष्यसुद्धा म्हणाले, असे असेल तर लग्नच न केलेले बरे! जे वचन निष्ठुर नवऱ्याला आवरण्यासाठी उच्चारले गेले, तेच आज मार खाणाऱ्या बाईला गप्प बसविण्यासाठी वापरतात. हा वचनाचा मान नव्हे, विपर्यास आहे. मलाखी संदेष्ट्यानेही तारुण्यातील पत्नीचा विश्वासघात करणाऱ्यांनाच खडसावले आहे.

घटस्फोट मुळीच नाही, की काही कारणांनी चालतो, याबद्दल चर्चमध्ये मतभेद आहेत. मत्तयाने व्यभिचाराचा अपवाद नोंदविला आहे. मार्क आणि लूक यांत तो नाही. विश्वास न ठेवणारा जोडीदार आपण होऊन सोडून गेला तर मागे राहिलेल्यावर बंधन नाही, असे पौलाने करिंथकरांना लिहिले. कॅथॉलिक चर्च घटस्फोट मानीत नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या काही परिस्थितीत मानतात. परंतु कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही, जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास कारण मिळते, असे कलम आहे. मार खात नांदलेच पाहिजे, अशी चर्चची आज्ञा नाही.

आपल्या देशातील कायदा मात्र दीर्घकाळ कठोर राहिला. १८६९ च्या कायद्याने ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढेच सिद्ध करणे पुरे होते. बायकोला बहुधा व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली, आणि २००१ साली संसदेने कायदाच सुधारला. आता बहुतेक कारणे दोघांना सारखी आहेत आणि परस्परसंमतीचा मार्गही आहे. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश त्यायोगे मागता येतो.

मग क्षमेचे काय? बायबलात क्षमा आहे, तसाच पश्चात्तापही आहे. त्यासाठी जो हिब्रू शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ ‘माघारी फिरणे’ असा. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडमार करण्यास लोक जमले, तेव्हा येशूने तिला वाचविले. पण पुन्हा पाप करू नकोस, असेही बजावले. (नियमशास्त्रात शिक्षा दोघांनाही होती, त्या पुरुषाला मात्र कोणी आणले नव्हते!) जक्कय नावाचा जकातदार नुसता हळहळत बसला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले.

भगिनींनो, पश्चात्तापाचे हे माप आपण हाती घ्यावे. नवरा चार वडीलधाऱ्यांपुढे हात जोडतो आणि लगेच सारे म्हणतात, ‘झाले गेले विसर, नांदायला जा.’ त्या वेळी कोणीतरी विचारले पाहिजे: दारू सुटली का? उगारलेला हात थांबला का? पगार घरी येतो का? गहाण टाकलेल्या बांगड्या सोडविल्या का? चूक बायकोची असेल तर तिलाही हेच माप लावावे. जेथे मन खरोखर फिरले आहे तेथे मोडलेले घर पुन्हा उभे राहावे, याहून आनंदाची गोष्ट नाही. होशेय संदेष्ट्याने अविश्वासू पत्नीला परत घरी आणले, ही कथा त्याची साक्ष देते. पण होशेयावर कोणी घरातून जुलूम करीत नव्हते, हा भेदही विसरू नये.

एखादी शेजारीण रात्री आपल्या दाराशी आली, तर आपण तिला प्रथम आत घ्यावे, पाणी द्यावे आणि तिचे ऐकून घ्यावे. उपदेश दुसऱ्या दिवशीही करता येतो. आणि तो करावयाचाच असेल तर ज्याला माघारी फिरावयाचे आहे, त्याला आधी करावा. आपल्या मंडळाच्या हातून एवढे घडत राहो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.