परकी फौज आणि दहशतवादाची भरती
(नंदुरबार येथील भाषणाचा मजकूर)



एका राष्ट्राने दुसऱ्याच्या भूमीवर फौज उतरवली, तर त्यामुळे दहशतवाद्यांना नवी माणसे मिळतात काय, हा आजच्या चर्चेचा विषय आहे. ‘होय’ म्हणणारे इराककडे बोट दाखवतात. ‘नाही’ म्हणणारे सांगतात की, ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला झाला, तेव्हा तिने अफगाणिस्तानात वा इराकमध्ये पायदळ उतरवलेले नव्हते. दोन्ही विधाने खरी आहेत. दोन खरी विधाने परस्परांविरुद्ध उभी राहिली की, मूळ प्रश्नच नीट मांडला गेलेला नाही असे समजावे, ही सवय मला वकिलीने लावली आहे.

प्रश्न वस्तुतः दोन आहेत. संघटना जन्मास कशी येते हा एक, आणि तिला माणसे कोठून मिळतात हा दुसरा. संघटना काढण्यास पाचपन्नास कडवे लोक पुरतात. ती वाढण्यास मात्र सामान्य माणूस लागतो. तो आपले घरदार सोडून मरणाच्या वाटेला का लागतो?

उत्तरासाठी बगदादला जाण्याची गरज नाही. ज्या मातीवर आपण बसलो आहोत, तिचाच इतिहास पाहा. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. सातपुड्याचे घाट आणि वाटा भिल्लांच्या ताब्यात होत्या. रखवालीबद्दल त्यांना परंपरेने हक्क मिळत. पूर्वीच्या धामधुमीत ते बुडाले होते. नव्या, परक्या सरकारने प्रथम बंदुकीचा मार्ग धरला. नाईक पकडले, टोळ्यांचा पाठलाग केला, डोंगरांत जाणारी रसद तोडली. परिणाम काय झाला? एक नाईक पडला की दुसरा उभा राही. सात वर्षे हेच चालले.

१८२५ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या सरकारला धोरण बदलावे लागले. खानदेशात भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. मागील अपराधांची माफी, कसण्यास जमीन, तगाई आणि जुन्या हक्कांची चौकशी असा क्रम सुरू झाला. लेफ्टनंट जेम्स आउट्राम यांनी भिल्लांची पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. कालपर्यंत ज्यांच्यामागे फौज धावत होती, त्यांच्यातलीच माणसे चाकरीस लागली.

आपण मला विचाराल, “वकीलसाहेब, आमच्या पूर्वजांना तुम्ही दहशतवादी म्हणता काय?” मुळीच नाही. त्यांना ‘लुटारू’ हे नाव सरकारी दप्तराने दिले. आपल्या डोंगरावरील हक्क राखणारा आणि निरपराधांचे प्राण घेऊन भय पसरवणारा यांची बरोबरी होऊ शकत नाही. मी तुलना करतो ती माणसांची नव्हे, तर माणूस शस्त्राकडे कशाने ढकलला जातो त्या कारणांची. आणि एल्फिन्स्टनचे धोरण केवळ दयेतून आले होते, असेही समजू नका. तीच पलटण पुढे भिल्लांवरच चालवली गेली. शांतता वरवरची होती. म्हणूनच एकेकाळी सेंधवा घाटाची वाट राखणारे खाज्या नाईक १८५७ च्या उठावात उतरले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे रक्त सांडले.

आता इराककडे पाहा. २३ मे २००३ रोजी तेथील अमेरिकी प्रशासनाने एका हुकुमाने इराकी सैन्यच बरखास्त केले. लाखो माणसांची भाकरी आणि प्रतिष्ठा एकदम गेली. बंदूक चालवण्याचे ज्ञान मात्र त्यांच्याजवळच राहिले. त्यांतील काही अधिकारी पुढे ‘इस्लामिक स्टेट’च्या सेनानायकांत दिसले. इराकच्या युद्धाने जिहादी चळवळीस नवे पाठीराखे मिळवून दिले, ही कबुली २००६ साली अमेरिकेच्याच गुप्तचर खात्यांनी दिली.

परंतु फौज मागे घेतली की काम संपले, हेही खरे नाही. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेची फौज इराकमधून निघाली आणि जून २०१४ मध्ये मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’ने घेतले, कारण बगदादच्या दरबारी आपली दाद लागत नाही, अशी तेथील सुन्नी समाजात भावना होती. याउलट, डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय फौज पूर्व बंगालात शिरली. तेथील जनतेला ती हवी होती, आणि मार्च १९७२ मध्ये ती परतली. तिच्याविरुद्ध बंडाची भरती झाली नाही.

यावरून माझा निर्णय असा की, परकी फौज ही ठिणगी होय. सरपण असते ते हिरावलेल्या भाकरीचे, अपमानाचे आणि बंद झालेल्या न्यायाच्या दाराचे.

मात्र कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. न्यायालयात आम्ही गुन्ह्याचा हेतू सिद्ध करतो, तेवढ्याने गुन्हेगार निर्दोष ठरत नाही. बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्याचे पाप कोणत्याही परक्या फौजेमुळे धुतले जात नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की, सनदशीर मार्ग खुले असताना रक्तपाताच्या मार्गाला समर्थन उरत नाही. या विचारात दोघांवर जबाबदारी आहे. नागरिकाने शस्त्र टाकावे, आणि राज्याने मार्ग खरोखरच खुला ठेवावा. दार कागदावर उघडे आणि व्यवहारात बंद असेल, तर ती नागरिकाची फसवणूक होय.

फौजा कोठे धाडाव्या, हे आपणांस विचारून कोणी ठरवत नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा घेऊन आलेल्या माणसास पावती मिळते की नाही, नकार आला तर त्याचे कारण लेखी मिळते की नाही आणि अपिलाची मुदत त्याला कोणी समजावून सांगतो की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे. आपल्यापैकी ज्याला लिहिता-वाचता येते, त्याने अशा एका तरी माणसाचा अर्ज हाती घ्यावा आणि त्याचा निकाल लागेपर्यंत तो सोडू नये.