हात वर करून ठरलेलं नाव



‘इंडिया, म्हणजेच भारत, हा राज्यांचा संघ असेल.’ संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाचा हा आशय नागरिकशास्त्राच्या तासाला सगळ्यांच्या कानावर पडतो. पण फेब्रुवारी १९४८च्या मसुद्यात इथे ‘भारत’ नव्हतंच. तिथे एकटं ‘इंडिया’ होतं.

नोव्हेंबर १९४८मध्ये हा अनुच्छेद संविधान सभेपुढे आला आणि नावाचा प्रश्न पुढे ढकलला गेला. शेवटी १७ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही नावं असलेला मजकूर मांडला. खरी चर्चा रंगली ती दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी रविवार होता, तरी सभा बसली होती.

आधी उठले हरि विष्णु कामत. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषचंद्र बोसांच्या फॉरवर्ड ब्लॉक पक्षात गेलेला हा माणूस. ‘भारत’ आधी यावं आणि ‘इंडिया’ हे केवळ इंग्रजीतलं नाव म्हणून नोंदवावं, अशी त्यांची दुरुस्ती होती. आयर्लंडच्या संविधानाचा दाखलाही त्यांनी दिला. ते नावांच्या इतिहासात शिरले, तसं बाबासाहेबांनी मध्येच विचारलं की, वेळ थोडा असताना हे सगळं इथे कशाला? कामाचा डोंगर पाहता त्यांची घाई रास्तच होती. तरीही सदस्य बोलत राहिले, हे फार चांगलं झालं.

सेठ गोविंद दासांनी वेद-पुराणांचे आधार दिले. कल्लूर सुब्बाराव म्हणाले की सिंधू नदी आता पाकिस्तानात आहे, तेव्हा तिच्यावरून पडलेलं ‘इंडिया’ हे नाव पाकिस्तानलाच शोभेल. हरगोविंद पंत उत्तरेच्या डोंगराळ मुलखातले. स्नानाच्या वेळी संकल्पात रोज उच्चारलं जाणारं ‘भारतवर्ष’च त्यांना हवं होतं. कोणी ग्रंथ उघडत होतं, कोणी नकाशा, तर कोणी घरातला रोजचा आचार सांगत होतं. एका देशाचं नाव इतक्या वाटांनी शोधलं गेलं, याचा अभिमान वाटायला हवा.

मग कामतांच्या दुरुस्तीवर हात वर झाले. बाजूने ३८, विरुद्ध ५१. अवघ्या तेरा मतांनी दुरुस्ती पडली आणि आंबेडकरांचा मजकूर मंजूर झाला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या संविधानात तोच आहे.

आज संविधानाची अधिकृत हिंदी प्रत उघडली, तर पहिल्या अनुच्छेदात ‘भारत’ आधी येतं आणि ‘इंडिया’ त्यामागून.