पंप वर काढला की तेल बघा

आज बचतीवर नाही, गटाच्या पंपावर बोलते. मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका गटाची मोटार जळली. रिवाइंडिंगमध्ये गटाचे पैसे गेले, तोवर भाजी वाळली. त्याआधी दुरुस्ती झाली तेव्हा मी तिथंच होते, बिलही मीच वाचून दाखवलं. पण आतलं तेल ना बायकांनी पाहिलं, ना मी.

आधी विचारा, मोटार तेलाची की पाण्याची? बोअरच्या बऱ्याच मोटारींत स्वच्छ पाणीच भरतात. त्यात तेल ओतायचं नाही. तेलाची असेल तर मिस्त्रीला थोडं तेल काचेच्या बरणीत काढायला सांगा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी आत शिरलंय, बहुतेक सील गेलंय. मग नुसतं तेल बदलून भागत नाही, सीलही बदलावं लागतं. काळं आणि जळका वास, तर वाइंडिंग तपासून घ्या. नवं तेल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच. घरात उरलेलं गाडीचं ऑइल नको. जुनं तेल विहिरीच्या काठावर ओतू देऊ नका.

आणि हो, मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून एका ताईच्या हातात. मिस्त्री हसेल. हसू दे.