वाळवंटाच्या मेळ्याला निघताना

(मंडळाची माघातली सहल जैसलमेरच्या मरु महोत्सवाला न्यायचे ठरल्यानंतर सभासद भगिनींच्या सभेत केलेले भाषण. काही भगिनींच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आपल्या मंडळाच्या सहली आजवर देवस्थानांना झाल्या, कोकणात झाल्या, एकदा म्हैसूरलाही झाली. पण तंबूत मुक्काम करायची ही पहिलीच. सहल ठरल्यापासून दुधाच्या रांगेत, जिन्यात, देवळात, जिथे भेटेल तिथे प्रत्येकजण मला एकच विचारते, "काय काय घेऊ?" यजमानांच्या नोकरीमुळे मी सहा वर्षे जोधपूरला काढली आणि या मेळ्याला दोनदा जाऊन आले. तेवढ्या भांडवलावर आज मला इथे उभे केले आहे.

आधी मेळा काय आहे ते थोडक्यात सांगते. जैसलमेर हे रावळ जैसल याने ११५६ साली वसवलेले गाव. तिथे राजस्थानच्या पर्यटन खात्यातर्फे माघात हा महोत्सव होतो आणि पौर्णिमेच्या सुमारास संपतो. गडीसर तलावापासून मिरवणूक निघते, फेटे बांधायच्या शर्यती होतात, मिशांच्या स्पर्धा होतात. (कोणाच्या यजमानांना भाग घ्यायचा असल्यास त्यांनी आत्तापासून मशागत सुरू करावी.) सजवलेले उंट असतात. शेवटची रात्र गावापासून सुमारे ४० किलोमीटरवर, सम येथल्या वाळूच्या टेकड्यांवर. मांगणियार गवयी कमायचा घेऊन बसतात, कालबेलिया बायका नाचतात. त्यांच्या गाण्याला आणि नाचाला २०१० मध्ये युनेस्कोने जगाच्या वारशात गणले. डोक्यावर पूर्ण चंद्र आणि खाली चांदीसारखी वाळू. त्याचे वर्णन मी करीत नाही, तुम्ही पाहणारच आहात.

आता सामानाकडे वळते. "वाळवंट म्हणजे ऊन, तेव्हा मलमलीच्या साड्या घेऊ" असे दोघींनी मला सांगितले. भगिनींनो, माघात तिथे दुपारी ऊन असते हे खरे, पण सूर्य बुडाला की तासाभरात अंगावर काटा येतो. आपल्याकडची हवा दमट. ती रात्री गोधडीसारखी जमिनीची ऊब धरून ठेवते. तिथे हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू आपली ऊब भराभर टाकून देते. दुपारी पंचवीस-अठ्ठावीस अंश आणि पहाटे दहाच्याही खाली, असा एकाच दिवसातला फरक आपल्या अंगाला माहीत नसतो. म्हणून एक जाड कोट घेण्यापेक्षा थरावर थर घालता येतील असे कपडे घ्यावे. आत सुती, त्यावर लोकरी झंपर किंवा स्वेटर, त्यावर शाल. कानटोपी आणि दोन जोड पायमोजे प्रत्येकीने घ्यावेच. कानटोपीत आपण चांगल्या दिसत नाही म्हणून ती घरी ठेवू नये. अंधारात कोणी बघत नाही.

साडी की पंजाबी पोशाख, यावर मागच्या सभेत बराच खल झाला. मला विचाराल तर वाळूच्या चढणीवर आणि उंटावर सलवार सोयीची. पण आपल्या नऊवारी नेसणाऱ्या आजींनी मुळीच काळजी करू नये. कासोटा घातलेल्या बाईला उंटावर बसायला जेवढे सोपे जाते तेवढे पाचवारीवालीला जात नाही. फक्त लांब घोळदार काठ नकोत. तिथे भुरट नावाचे गवत असते. त्याचे काटेरी बोंड काठाला चिकटले की सोडवताना बोटे सोलून निघतात.

बॅग चाकांची नको. चाके वाळूत रुततात आणि मग ती बॅग ओढण्यापेक्षा नवऱ्याला ओढणे सोपे. खांद्याला अडकवता येईल अशी कापडी पिशवी घ्या आणि ती एकटीने उचलून शंभर पावले चालून बघा. जमले नाही तर अर्धे सामान काढा. जरीच्या साड्या, जास्तीची भांडी आणि दागिने तर नकोतच. मंगळसूत्र आणि दोन काचेच्या बांगड्या पुरेत.

वाळू फार बारीक असते. वारा सुटला की डोळ्यांत, नाकात, डब्यात आणि मोबाईलमध्ये जाते. मोबाईल प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवावा. चष्मा असलेल्यांनी दुसरा चष्मा बरोबर घ्यावा. दम्याचा त्रास असलेल्यांनी आपला पंप ब्लाउजच्या खिशात ठेवावा, बॅगेच्या तळाशी नव्हे. डोके आणि तोंड गुंडाळायला एक मोठी सुती ओढणी हवी. तेथील बायका अंगभर ओढणी घेतात, त्यात रीतिरिवाज आहे तसा वाळूचा बंदोबस्तही आहे.

आणखी एक गंमत सांगते. आपले खोबरेल तेल तिथे सकाळी दगडासारखे होऊन बसते. त्याऐवजी तिळाचे न्यावे. ओठ आणि टाचा तर दुसऱ्याच दिवशी फुटतात. त्यावर कोकणातले भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, यासारखा उपाय नाही. एक गोळा नेला तर दहाजणींना पुरेल.

आता ज्या विषयासाठी मी खरी उभी आहे तिकडे येते. आपल्यातील चार भगिनींनी गेल्या आठवड्यात सहलीतून नावे मागे घेतली. कारण "तब्येत बरी नाही" असे दिले. मी एकेकीला घरी जाऊन भेटले. तब्येत ठणठणीत आहे. खरे कारण निघाले ते हे की, रात्री तंबूतून उठून जावे लागले तर काय करायचे? आणि दिवसा मैदानात हजारो माणसांत कुठे जायचे? एकीने तर मला सांगितले, "मी आले तर दोन दिवस पाणीच पिणार नाही."

भगिनींनो, ही युक्ती आपण सगळ्याच करतो. एस.टी.च्या प्रवासात, लग्नघरात, पंढरीच्या वाटेवर आपण पाणी टाळतो. आपल्या आयाही तेच करीत. मुंबई-पुण्यात त्याने फार तर उन्हाळी लागते, एक-दोन दिवस जळजळ होते आणि आपण धण्याचे पाणी पिऊन गप्प बसतो. पण वाळवंटात हे चालणार नाही. तिथल्या कोरड्या हवेत घाम आलेला कळतच नाही, आला तसा उडून जातो. कपडे ओले होत नाहीत, म्हणून तहान लागली असे वाटत नाही. आणि संध्याकाळी डोके धरते, चक्कर येते, पायात गोळे येतात. तेव्हा पाणी टाळायचे नाही. दिवसभर थोडे थोडे, घोट घोट घेत राहायचे. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडले असे समजावे. प्रत्येकीने लिटरभर पाण्याची बाटली स्वतःजवळ ठेवावी, दुसरीच्या भरवशावर राहू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. काहीजणींना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितलेले असते. त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून यावे. साखर-मिठाच्या पाण्याचे प्रमाण पाठ करून ठेवा. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

मग सोयीचे काय? आपण ज्या तंबूंत उतरणार आहोत त्यांना मागे जोडून न्हाणीघर आणि संडास आहे की नाही, हे चिटणीसबाईंनी आगाऊ पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घेतले आहे. आहे. तेव्हा रात्रीचा प्रश्न बराचसा सुटला. उरला मैदानाचा. त्यासाठी मी जोड्या लावल्या आहेत. प्रत्येकीला एक जोडीदारीण. दोघींनी मिळून जायचे, मिळून यायचे. एकीला जायचे असले तर दुसरीने "आत्ताच तर गेली होतीस" असे म्हणायचे नाही. प्रत्येक जोडीजवळ एक विजेरी, एक शिट्टी आणि एक गडद रंगाची जुनी चादर असेल. अगदीच वेळ आली तर एकीने चादर धरायची आणि दुसरीने निश्चिंत व्हायचे. यात लाजण्यासारखे काही नाही. अडचणीच्या दिवसांतल्या भगिनींनी आपले सामान आणि कागदी पिशव्या बरोबर घ्याव्या आणि वापरलेले वाळूत पुरू नये. वारा वाळू हलवतो आणि पुरलेले सगळे वर येते. सगळा कचरा परत आणायचा. चौघींपैकी दोघींनी आज सकाळी नावे पुन्हा दिली आहेत. उरलेल्या दोघी इथेच बसल्या आहेत, त्यांच्याकडे मी बघत नाही.

पाणी पिताना हात आखडायचा नाही, पण वापरताना जरूर आखडायचा. जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस पडतो तो साधारण दोनशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. मुंबईत तेवढा एखाद्या दिवसात पडून जातो. इंदिरा कालव्याने पंजाबकडचे पाणी त्या जिल्ह्यात आणले तरी टेकड्यांवरच्या मुक्कामी ते बहुधा टँकरनेच येते. जोधपूरच्या पश्चिमेला एका खेड्यात मी पाहिले आहे, घरातली बाई बाजेवर बसून अंघोळ करी आणि खाली परात ठेवी. परातीतले पाणी शेळ्यांना. भांडी वाळूने घासून नुसती पुसायची. त्या मुलखात जाऊन आपण रोज दोन बादल्या मागू नयेत. न्हाणे घरून करून निघावे, अर्ध्या बादलीत अंग धुवावे आणि साड्या खंगाळायचा विचार मनातही आणू नये.

खाण्याचे फार सांगत नाही, कारण त्या बाबतीत आपल्या मंडळाला कोणी शिकवायला नको. दुधातल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, तिळाच्या वड्या आणि मधुमेह असलेल्यांसाठी बिस्किटे एवढे प्रवासापुरते पुरे. तिथे पोहोचल्यावर मात्र तिथले खावे. बाजरीची भाकरी आपल्याला परकी नाही. केर-सांगरीची भाजी जरूर मागून घ्या. केर ही एका काटेरी झुडुपाची फळे. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. आणि खेजडी म्हणजे कोण? आपली शमी! गणपतीला वाहतो तीच.

शमीवरून शेकोटी आठवली. तंबूवाले पाहुण्यांसाठी रात्री मोठी शेकोटी पेटवतात आणि पाहुणे "अजून घाला, अजून घाला" म्हणतात. आपण तसे म्हणू नये. त्या मुलखात एक झाड वाढायला किती वर्षे लागतात ते तिथल्या लोकांना विचारा. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० साली राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी नावाची बिश्नोई बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि तिथेच मारली गेली. तिच्यामागून तिच्या मुली आणि गावोगावचे बिश्नोई, मिळून ३६३ माणसांनी प्राण दिले. मी ते ठिकाण पाहिले आहे. म्हणून पुन्हा सांगते, लोकर जास्त घ्या. शेकोटीची भिस्त नको.

उंटाविषयी दोन शब्द. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसणारी एकदम पुढे जाते. खाली बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही तेच. दोन्ही वेळा आधी मागे रेलायचे आणि खोगीर घट्ट धरायचे. ओरडायचे नाही, उंटाला त्याचे काही वाटत नाही पण शेजारणी घाबरतात. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी उंटगाडीत बसावे. भाडे आधी ठरवून घ्यावे, पण भाजीबाजारासारखे ओढाताण करून नव्हे. उन्हाळ्यात तिकडे कोणी फिरकत नाही. त्या माणसाला हिवाळ्यातल्या थोड्या महिन्यांत स्वतःचे आणि उंटाचे वर्षभराचे पोट भरायचे असते. तो तुम्हाला "बाईसा" म्हणेल. तुम्हीही त्याला "भाईसा" म्हणा.

राहिलेल्या बारीक गोष्टी. आधार कार्ड अस्सल हवे, हद्द जवळ आहे, कुठेही विचारू शकतात. पायात बंद बूट, आणि सकाळी घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावे, विंचवाला ऊब आवडते. औषधे मूळ वेष्टनात, दोन दिवस जास्तीची, हातातल्या पिशवीत. मोबाईलला कधी कधी रेंज मिळत नाही, तेव्हा सुनांना आणि मुलींना आधीच सांगून ठेवावे की फोन आला नाही म्हणून घाबरू नका.

येत्या मंगळवारी भजन आटोपल्यावर प्रत्येकीने आपली भरलेली पिशवी घेऊन सभागृहात यावे. खजिनदारबाई वजनकाटा आणणार आहेत. आठ किलोच्या वर भरली तर पिशवी सगळ्यांसमोर उघडली जाईल. जोड्यांची यादी दाराशी लावली आहे. ज्यांना आपली जोडीदारीण बदलून हवी असेल त्यांनी मला आजच, आणि एकटीला गाठून सांगावे.