विद्युत जहाजे आणि समांतर इन्व्हर्टर

(टावर चौक, उज्जैन येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



समुद्रापासून इतक्या दूरच्या नगरीत जहाजांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली व १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झालेली 'कलवरी' पाणबुडी विजेच्या मोटारीनेच चालते. अनेक मोठ्या प्रवासी जहाजांतही इंजिने जनित्रे फिरवितात आणि पंखा फिरविण्याचे काम मोटार करते.

मोटारीला हव्या त्या वारंवारतेची वीज पुरविणारे साधन म्हणजे इन्व्हर्टर. येथील मनोऱ्यावरचे घड्याळ थांबले, तर फार तर कोणाची वेळ चुकेल. भर वादळात मोटार थांबली, तर सुकाणूही निष्प्रभ होते व शेकडो जीव लाटांच्या स्वाधीन होतात. म्हणून एकाच मोठ्या इन्व्हर्टरवर विसंबण्याऐवजी अनेक लहान इन्व्हर्टर समांतर जोडतात. एक बिघडला, तर तेवढाच विलग होतो.

पंख्याला लागणारी शक्ती सामान्यतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे चारपैकी दोन इन्व्हर्टर बंद पडून निम्मीच शक्ती उरली, तरी पंख्याची गती सुमारे ७९ टक्के राहते. जहाज बंदर गाठू शकते.

मात्र नुसत्या जोडणीने कार्यभाग साधत नाही. इन्व्हर्टरांच्या व्होल्टतेत वा कलेत किंचित फरक पडला, तरी वीज मोटारीकडे न जाता त्यांच्यातच फिरू लागते. भार समसमान वाटणारे नियंत्रण व विलग करणारी यंत्रणा त्यासाठी अपरिहार्य ठरते.

याहून मोठा धोका सामाईक दुव्यांचा. 'क्वीन मेरी २' या जहाजाला चार मोटारी आहेत. तरीही २३ सप्टेंबर २०१० रोजी बार्सिलोनानजीक फिल्टरमधील एका कपॅसिटरच्या बिघाडातून स्फोट झाला आणि चारही मोटारी थांबल्या. जहाज अंधारात बुडाले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. कपॅसिटरच्या ऱ्हासाची सूचना देणारी यंत्रणा कित्येक वर्षे बंदच होती, असे चौकशीत आढळले.

तात्पर्य हे की, पर्यायी साधनांची संख्या म्हणजे सुरक्षितता नव्हे. त्यांची वीजवाहिनी, शीतलन व नियंत्रण ही स्वतंत्र असली पाहिजेत आणि धोक्याची सूचना देणाऱ्या उपकरणांची नियमित तपासणी झाली पाहिजे. रुग्णालयातील असो वा पाणीपुरवठा केंद्रातील, प्रत्येक राखीव यंत्राला हाच नियम लागू आहे.